अक्काचं अँटिऑक्सिडंट

माझ्या थोरल्या बहिणीला मी अक्का म्हणते. आमचं माहेर कागलच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. तिकडं थोरली बहीण ही अक्काच. तिच्या आणि माझ्या वयात बरंच अंतर, त्यामुळं लहानपणी माझ्या वेण्या घालणारी, मला कडेवर घेऊन ओढा ओलांडणारी तीच. तिची शाळा सातवीला सुटली. माझी सुटायची वेळ आली तेव्हा वडिलांसमोर उभी राहून ती म्हणाली होती, "हिला शिकू द्या, न्हायतर मी बी जेवणार न्हाय." मी शिकले, शिक्षिका झाले, कोल्हापुरात शिवाजी पेठेत संसार थाटला. अक्का गावाकडंच सासरी राहिली. शेती, दोन म्हशी, एक मुलगा आणि दाजी.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दाजी गेले. अँब्युलन्समध्ये चढताना त्यांनी तिला हात केला तेवढाच. पुढचं सगळं फोनवरच कळलं. मुलगा नोकरीसाठी पुण्यात होता, तो तिला घेऊन गेला. पण तिथल्या अकराव्या मजल्यावर तिला करमेना. दिवसभर खिडकीतून खाली बघत बसायची. शेवटी तिनं स्वतःच सांगितलं, "मला धाकटीजवळ ठेवा." मंगळवार पेठेत दोन खोल्या बघितल्या. आमच्या घरापासून चालत यायचं अंतर.

ती आली, पण गप्प. अक्का म्हणजे आवाजाची बाई. शेतातून हाक मारली तर गावच्या वेशीपर्यंत जायची. आता आमच्याकडं जेवायला आली की ताटाकडं बघत बसायची. विचारलं तरच बोलायची. माझे यजमान तिला हसवायचा प्रयत्न करायचे. त्यांचं उभं आयुष्य शिरोलीच्या फौंड्रीत गेलं, भट्टीपाशी आणि ओतकामात. त्यामुळं त्यांचाही आवाज मोठा. "अक्का, भाजीला मीठ जास्त झालंय काय बघा की, आमची मास्तरीण ऐकंना!" असं काहीतरी काढायचे. ती नुसती मान हलवायची.

मग एके दिवशी तिच्या शेजारची बाई तिला एका मीटिंगला घेऊन गेली. स्टँडजवळच्या एका हॉलमध्ये, तब्येतीविषयी व्याख्यान होतं म्हणे. त्या संध्याकाळी अक्का आमच्याकडं आली ती चपला काढता काढताच बोलायला लागली.

"अगं, मी गेलतो मीटिंगला. आमच्यासारख्या कितीतरी बायका होत्या तिथं."

(आमच्याकडं बायकाही 'गेलतो', 'आलो' असंच म्हणतात. मी शाळेत शिकवते म्हणून माझं सुटलं, तिचं सुटायचं कारण नव्हतं.)

तिच्या हातात एक हिरवं खोकं होतं. हिरव्या चहाच्या अर्काच्या कॅप्सूल. आणि तोंडात एक शब्द होता, जो तिला नीट येत नव्हता.

"आँटी... आक्सी... पुढं काय गं ते?"

मी म्हटलं, "अँटिऑक्सिडंट."

"परत म्हण."

मी परत म्हटलं. ती माझ्या स्वयंपाकघरात भाकरी थापायला बसली आणि प्रत्येक थापटीबरोबर एकेक तुकडा म्हणत राहिली. अँटि. ऑक्सि. डंट. बाहेरून यजमान ओरडले, "अक्का, ही आँटी कोण हो तुमची? आमाला भेटवा की एकदा!"

अक्का हसली. भाकरी हातात तशीच धरून, मान मागं टाकून हसली. दाजी गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना बघत होते. त्या खोक्यात काय होतं हे मी त्या वेळी वाचलंही असतं तरी मला ते गोडच वाटलं असतं.

पुढच्या काही महिन्यांत अक्का पार बदलली. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, पर्समध्ये कायम एक खोकं, ओळखीपाळखीत विकायला. आठवड्याला मीटिंग. तिथं तिच्या ओळखी झाल्या, गिरणीवाली एक, बालवाडीची बाई एक, सून नांदवून कंटाळलेल्या दोघी-तिघी. मीटिंग संपली की सगळ्या मिळून रंकाळ्यावर फिरायला जायच्या. सातवी शिकलेली माझी बहीण हातात माईक घेऊन बोलायला लागली. एकदा मी ऐकायला गेले. भिंतीवर परदेशी फळांची मोठी मोठी चित्रं होती, निळी, जांभळी, मी कधी न बघितलेली. अक्का पुढं उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "माझं मालक गेलं. त्यांच्या अंगात ताकदच न्हवती. आपल्या माणसांच्या अंगात ताकद पायजे, म्हणून मी हे काम करतो." मागच्या रांगेत बसून मी डोळे पुसले.

तिचं हे बोलणं कुणाला फसवण्यासाठी नव्हतं. तिचा त्यावर देवावर बसावा तसा विश्वास बसला होता. तिला कुणीतरी सांगितलं होतं, की माणूस वाचवता येतो.

त्या दिवाळीच्या आधी यजमान निवृत्त झाले. आयुष्यभर पहाटे उठून कामावर जाणारा माणूस घरी बसला आणि महिनाभरात मरगळला. साखर थोडी वर आली, पोट सुटलं, दुपारी झोप यायला लागली. अक्कानं ते बघितलं.

"पावणं," ती त्यांना म्हणाली, "लोखंडाला हवा लागली की गंज चढतोय, व्हय का न्हाय?"

"व्हय."

"तसाच माणसाला आतनं चढतोय. आपण जो श्वास घेतोय न्हवं, त्येच्यातनंच. त्यो गंज आडवायचं काम ही गोळी करती."

यजमान माझ्याकडं बघून म्हणाले, "बघ, तुमच्या शाळेत न्हाय असं कुणी समजावून सांगितलं. लोखंड कसं गंजतंय ते मला म्हाईत हाय. पण माणूस गंजतोय हे मी आज ऐकलं." आणि त्यांनी खोकं घेतलं. थोडं तिच्या समाधानासाठी घेतलं, थोडं खरंच पटलं म्हणून. सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, एक गोळी. अक्का रोज संध्याकाळी यायची आणि उंबऱ्यातूनच विचारायची, "घेतलासा न्हवं?" "घेतलो की," ते म्हणायचे.

जानेवारी संपता संपता त्यांचा थकवा वाढला. आम्हाला वाटलं, थंडी आहे, बसून बसून आळस आलाय. शिवाजी पेठेत फुटबॉलचा हंगाम म्हणजे घराघरांत सण. हे लहानपणापासून मैदानावर जाणारे. त्या वर्षी मित्र बोलवायला आले तर म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं." मग रविवारी मी मटण केलं. तांबडा रस्सा समोर ठेवला, त्यांनी वाटी नाकाशी नेली आणि तशीच खाली ठेवली. "वास नको वाटतोय," म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. रात्रंदिवस अंग खाजवायला लागले. मी साबण बदलला, खोबरेल तेल लावलं.

पिवळेपणा पहिल्यांदा दिसला तो अक्काला. आमच्या घरात उजेड कमी, पेठेतली घरं एकमेकांना चिकटलेली. त्या दिवशी मी गच्चीवर कुरडया घालत होते, हे कठड्याला टेकून उन्हात बसले होते. अक्का वर आली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि नेहमीचा प्रश्न विचारायचा सोडून थांबली.

"पावणं, जरा वर बघा. डोळं बघू."

त्यांनी वर बघितलं. अक्कानं गावाकडं म्हशींपासून माणसांपर्यंत सगळ्यांची दुखणी बघितलेली. ती माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "कुरडया ऱ्हाऊ देत. रिक्षा बोलव."

आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. आमचे नेहमीचे डॉक्टर शांत स्वभावाचे, पन्नाशीचे. त्यांनी पोट दाबून बघितलं, डोळे बघितले, लघवीचा रंग विचारला. "गडद हाय," हे म्हणाले, "मला वाटलं पाणी कमी पितोय." दारू? "न्हाय." बाहेरगावी कुठं पाणी प्यायलात? "न्हाय." मग डॉक्टरांनी पेन खाली ठेवून विचारलं, "मी दिलेल्या साखरेच्या गोळीशिवाय बाहेरचं काही घेताय का? झाडपाल्याचं औषध, पावडर, ताकदीच्या गोळ्या, काहीही?"

हे चटकन म्हणाले, "काय न्हाय."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. मला कळलं, हा माणूस अक्कासाठी खोटं बोलतोय. माझ्या तोंडाशी शब्द आले, पण तेवढ्यात पर्सची चेन उघडल्याचा आवाज झाला. अक्कानं हिरवं खोकं काढलं आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं.

"हे घेतात ते," ती म्हणाली. "मीच दिलंय. दिवाळीपासनं रोज सकाळी एक."

डॉक्टरांनी चष्मा वर करून खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलं. बराच वेळ वाचलं. मग विचारलं, "एकच?"

आता ह्यांना खरं बोलणं भाग होतं. मान खाली घालून म्हणाले, "पैल्यांदा एकच. मग थकवा जाईना, म्हणून दोन कराय लागलो. मग सांजच्याला पण दोन. ह्या दोघींना म्हाईत न्हाय."

"उपाशीपोटी?"

"व्हय."

ज्याच्यामुळं थकवा येत होता, तेच हे थकवा जावा म्हणून जास्त घेत होते. हे मला तेव्हा लगेच उमगलं नाही. अक्काला उमगलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

डॉक्टर म्हणाले, "आत्ताच काही ठरवायचं नाही. काविळीची कारणं पुष्कळ असतात. विषाणूंच्या तपासण्या करू, सोनोग्राफी करू, पित्ताशयात खडा आहे का बघू. पण ही गोळी आजपासून बंद. ॲडमिट व्हा."

तपासण्या एकेक करून आल्या. विषाणू नाही, खडा नाही. यकृताचे आकडे मात्र खूप वाढलेले. वॉर्डच्या बाहेर डॉक्टरांनी मला आणि अक्काला समजावून सांगितलं. अक्काला कळेल अशा शब्दांत सांगायचा ते प्रयत्न करत होते.

"बाई, चहा वाईट नाही. हिरवा चहा कपात करून प्यायला तर बहुतेकांना काही होत नाही. पण अर्क काढून, दाबून गोळीत भरला, की कपापेक्षा कितीतरी जास्त माल एका घोटात पोटात जातो. तो सगळा यकृताला निस्तरावा लागतो. बहुतेक लोकांचं यकृत ते निस्तरतं. एखाद्याचं नाही निस्तरत. तो एखादा कोण, हे आधी ओळखायची सोय नाही."

अक्का म्हणाली, "पण ते गंजाचं? ते खोटं काय?"

डॉक्टर म्हणाले, "अगदी खोटं नाही. शरीरात तसं काहीतरी चालतं, आणि फळं-भाज्या खाणाऱ्यांची तब्येत बरी राहते हेही खरं. पण फळातलं एक द्रव्य काढून त्याची गोळी दिली की तोच फायदा होतो, हे काही तसं सरळ निघालं नाही. काही गोळ्यांनी काही लोकांना अपायच झाला. एखाद्या आजारात आम्हीही असल्या गोळ्या देतो, पण कुणाला, किती, कशासाठी हे बघून. आणि आवळा खाल्ला म्हणून कुणी आजारी पडायचं राहत नाही, हेही तुम्हाला सांगून ठेवतो."

"मग माणसानं करावं काय?"

"जेवावं," डॉक्टर म्हणाले. "आणि काही घेत असाल तर डॉक्टरला सांगावं."

त्या दिवसानंतर अक्का दवाखान्यात आली नाही. डबा मात्र यायचा. मऊ भात, मुगाचं वरण, बिनतिखटाची दोडक्याची भाजी. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याच्या हाती पाठवायची. इकडं दवाखान्यात पाहुण्यांची रांग लागली. आमच्याकडं कावीळ म्हटलं की प्रत्येकाकडं एक गावठी औषध असतं. कुणी म्हणे नाकात थेंब टाकणारा एक माणूस आहे, कुणी म्हणे गळ्यात माळ घातली की कावीळ उतरते. माझे दीर तर पाल्याचा रस बाटलीत भरूनच घेऊन आले. "दोन घोट घे रं, काय व्हत न्हाय." हे अंथरुणातून म्हणाले, "दादा, 'काय व्हत न्हाय' म्हणूनच हितं येऊन पडलोय." दिरांनी बाटली परत पिशवीत घातली आणि मग सगळेच हसले. आजारपणातलं ते पहिलं हसू.

आकडे खाली यायला लागले तेव्हा डॉक्टरांनी घरी सोडलं. विश्रांती घ्या, ठराविक दिवसांनी रक्त तपासा, एवढंच. त्याच दुपारी मी मंगळवार पेठेत गेले. अक्का पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. पलंगाखाली खोकी रचलेली.

"आलं घरी?" तिनं विचारलं.

"आले. तुझी आठवण काढतात."

"कशाला काढतील? मी त्यांचं काय भलं केलंय?"

मी तिच्याजवळ बसले. सांत्वनाची वाक्यं मला शाळेत रोज लागतात, पण ही माझ्या वेण्या घालणारी बाई होती. शेवटी मी म्हटलं, "अक्का, डोळे तूच ओळखलेस. मी रोज त्यांच्यासमोर बसत होते, मला दिसलं नाही."

तिनं ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. ती म्हणाली, "मी बसून एकच इचार करालोय. आनी कुणाकुणाला दिलंय मी?"

तिला सगळे पाठ होते. गिरणीवाली. बालवाडीची बाई. दुकानवाले जैन आजोबा. गावाकडची चुलत जाऊ. ती बोटं दुमडत नावं घेत गेली, आणि मग उठून चपला घालायला लागली.

"आत्ता?" मी विचारलं.

"मग कवा? आनी एकाचं डोळं पिवळं झाल्यावर?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कंपनीतल्या तिच्या वरच्या मॅडमचा, तिला खोकी देणाऱ्या. मीटिंगला का येत नाही म्हणून विचारत होत्या. अक्कानं झालं ते सगळं सांगितलं. पलीकडून मॅडम मोठ्यानं बोलत होत्या, मला ऐकू येत होतं. अंगातली घाण बाहेर पडताना कधीकधी असा त्रास होतो, घाबरायचं नसतं, आणि असलं चारचौघांत बोलून सगळ्यांचं मन खराब करायचं नसतं. अक्का ऐकत राहिली. मग अगदी हळू आवाजात, जो तिचा नव्हेच, म्हणाली, "मॅडम, त्येंचं डोळं मी माझ्या डोळ्यांनी बघितल्यात. ती घाण न्हवती, त्येंचं लिव्हर हुतं." आणि फोन ठेवला.

मी तिच्याबरोबर गेले. पहिल्यांदा गिरणीत. तिथल्या बाईनं पिठाचे हात कमरेवर ठेवून ऐकून घेतलं आणि तिचा भडका उडाला. "आता सांगतीयास व्हय अक्का? तवा तर माईकवर लई बोलत हुतीस! माझ्या सासूला दिल्यात की मी त्या गोळ्या!" दळायला आलेली माणसं बघायला लागली. अक्का उभी राहिली. बाईचं बोलून झाल्यावर म्हणाली, "सासूबाईंच्या गोळ्या बंद कर आनी रक्त तपासून घे. मी येतो बरोबर पायजे तर." बाई फणकाऱ्यानं आत गेली.

बालवाडीची बाई गोळ्या सोडायला तयार होईना. "मला बरं वाटतंय अक्का. चेहरा बघा की माझा." अक्का म्हणाली, "वाटू दे गं. रक्त तपास, डॉक्टरला खोकं दाखव, आनी मग खुशाल बरं वाटू दे." ती हसली, पण दाखवते म्हणाली.

जैन आजोबांनी आम्हाला आत बोलावलं, खुर्च्या दिल्या. त्यांना हृदयाचा त्रास, रक्त पातळ व्हायची गोळी चालू. हिरव्या गोळीबरोबर व्हिटॅमिनच्या दुसऱ्या गोळ्याही अक्कानंच दिलेल्या. सगळं ऐकून ते म्हणाले, "अलीकडं दाढी करताना लागलं की रक्त लवकर थांबत नव्हतं. मी म्हटलं वय झालं." संध्याकाळीच ते त्यांच्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी अक्काकडच्या दोन्ही गोळ्या बंद केल्या. दोन दिवसांनी आजोबांनी सुनेला अक्काकडं पाठवलं, निरोप एवढाच की तुमच्या येण्यानं बरं झालं. अक्का त्या निरोपावर आठवडाभर जगली, असं मला वाटतं. कारण बाकी सगळं तिच्या हातून गेलं होतं. मीटिंग गेली, माईक गेला, रंकाळ्यावरचं फिरणं गेलं. तिच्याबरोबरच्या बायका रस्त्यात दिसल्या तर पलीकडच्या बाजूनं जायच्या. मला राग यायचा. ती म्हणायची, "त्येंचं पण बरोबर हाय. मी त्येंच्या देवाला दगड म्हणालो."

पलंगाखालची खोकी तिनं एकेक फोडून गोळ्या बेसिनमध्ये रिकाम्या केल्या. तिच्या मुलानं पुण्याहून फोन करून सांगितलं, इकडं ये आता. ती नको म्हणाली. "हितं पावण्यांचं बघायचंय," म्हणाली.

आणि तिनं खरंच बघितलं. ह्यांना भूक लागायला लागली तसा तिनं आमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी कधी तांदळी, कधी तांबडा माठ, कधी लाल भोपळ्याची भाजी. ताटात काय रंग आहेत ह्याकडं ती आता बघायची, ते तिला मीटिंगमध्येच शिकवलेलं होतं आणि त्यात काही वाईट नव्हतं. पण काहीही नवीन करताना ती मला विचारायची, "डॉक्टरला इचारलंस काय?" एकदा मी स्वयंपाकात हळद जरा जास्त घातली तर तिनं माझा हात धरला. मी म्हटलं, "अगं, भाजीतल्या हळदीनं काही होत नाही." तरी पुढच्या तपासणीला ती स्वतः आली आणि डॉक्टरांना तो प्रश्न विचारूनच घरी परतली. डॉक्टर म्हणाले, भाजीतली चालते, गोळीतली नको. मग तिचा जीव भांड्यात पडला.

ह्यांचे आकडे हळूहळू उतरत गेले. पाडव्याच्या सुमाराला डोळे स्वच्छ झाले. पुढच्या एका रविवारी ते स्वतःहून म्हणाले, "जरा रस्सा कर की." मी अक्काकडं बघितलं, अक्कानं माझ्याकडं. पातळ, तेल कमी, पण केला. दोन वाट्या प्यायले.

मे महिन्यात डॉक्टर म्हणाले, आता सगळं नेहमीसारखं झालंय, पुन्हा असल्या गोळ्यांच्या वाटेला मात्र जाऊ नका. घरी आल्यावर अक्कानं सांगितलं, की तिनं जोतिबाला नवस बोलला होता. ह्यांना घेऊन डोंगरावर यायचं. यात्रेची गर्दी ओसरली होती. आम्ही तिघं एस.टी.नं गेलो. हे देवळाकडं खाली जाणाऱ्या पायऱ्या सावकाश उतरले, मध्ये दोनदा थांबले, पण कुणाचा हात धरला नाही. दर्शन झालं. बाहेर एका दुकानाच्या सावलीला बसलो. गुलालानं तिघांचीही कपाळं भरलेली. एक बाई पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसली होती. मी दोन द्रोण घेतले.

अक्का करवंद हातात घेऊन नुसती फिरवत होती. मग एकदम म्हणाली, "पावणं, एक इचारू? माझ्यावर राग हाय काय तुमचा?"

इतक्या महिन्यांत तिनं हे विचारलं नव्हतं. ह्यांनी तोंडातली बी थुंकली.

"आला हुता की," ते म्हणाले. "दवाखान्यात पैल्या दिवशी आला हुता. तुमच्यावर आला, माझ्यावर आला, त्या गोळीवाल्यांवर तर लई आला. पण डॉक्टरपुढं मी खोटं बोललो आनी तुम्ही खोकं काढून ठेवलासा. तुम्ही ते काढलं नसतं तर मी घरी येऊन परत दोन गोळ्या खाल्ल्या असत्या, अक्का. मग कुठला राग धरायचा?"

अक्कानं पदरानं डोळे टिपले तर गुलाल डोळ्यात गेला आणि डोळे जास्तच चुरचुरायला लागले. दुकानवाला आतून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला. "काय झालं ओ पावणं? मावशींना चक्कर आली काय?"

"न्हाय न्हाय," हे म्हणाले, "बऱ्या हायत त्या."

तिनं डोळे धुतले, तोंड पुसलं आणि दुकानवाल्याला विचारलं, हितं जेवायला बरं कुठं मिळतंय. तिचा आवाज एवढा मोठा होता की शेजारच्या नारळवाल्यानंही मान वर केली. दुकानवाल्यानं हात करून वाट दाखवली. अक्का पुढं, हे मागं आणि मी चपला शोधत त्यांच्या मागं निघाले.